तेहतिसावा उंबरा

१

ज्या जानूच्या तेराव्याला आमचं अख्खं गाव जेवलं होतं, तो जानू चार वर्षांनी समुद्रात पकडला गेला.

मी गोमाजी उतेकर, पोलादपूर तालुक्यातल्या करंजमाचीचा पोलीस पाटील. पोलीस पाटील म्हणजे धड पोलीस नाही आणि धड पाटीलही नाही. गावात काही घडलं तर ठाण्याला कळवायचं आणि ठाण्यानं विचारलं तर गावाच्या वतीनं सांगायचं. चौदा वर्षं मी हे काम केलं आणि फार चोख केलं, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी पडवीत बसून कोयत्याला नवी मूठ बसवत होतो. तेवढ्यात बुद्धरत्न गायकवाड आले. महाडचे. बावीस वर्षं समुद्रावर गस्तीच्या बोटीत काढलेली, आता निवृत्त. मुंबईतली एक संस्था अडचणीतल्या खलाशांना मदत करते, तिचं आपल्या भागातलं काम ते बघतात. बुटका, पोट सुटलेला माणूस. पण नजर अशी, की घरात आल्याबरोबर वासे मोजतोय असं वाटावं.

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दाढी वाढलेला, गालफडं बसलेला, छातीशी दोन्ही हातांनी नंबराची पाटी धरलेला पोरगा.

"दीड महिन्यापूर्वी अरबी समुद्रात तीन-चार देशांच्या गस्तीनं एक गलबत अडवलं," ते म्हणाले. "गलबतावर कुठल्याच देशाचं निशाण नव्हतं. बर्फाच्या खणात मासे आणि माशांखाली प्लास्टिकात गुंडाळलेल्या तीनशे रायफली. वर नऊ माणसं. आठ जणांची ओळख पटली. नववा हा. नाखव्याच्या पेटीत याचा पासपोर्ट मिळाला. जानू धोंडू उतेकर, राहणार करंजमाची."

मी मूठ बाजूला ठेवली.

"तो गेला, साहेब. एकवीस सालच्या दरडीत. त्याच दिवशी तळीयेला मोठी दरड आली, म्हणून आमची कुणाच्या ध्यानात नाय. तीन माणसं गेली. दोघांची प्रेतं गावली. जानूचं नाय गावलं."

"म्हणजे एक तर तो जिवंत आहे, नाही तर दुसरं कुणीतरी त्याच्या नावावर फिरतंय." ते थांबले. "आणि दहा दिवसांत वकिलातीला उत्तर द्यायचंय. त्या पोरापुढं दोनच रस्ते आहेत. मेलेल्याच्या पासपोर्टावर फिरणारा हत्यारांचा चोर ठरला, तर पंधरा-वीस वर्षं परक्या तुरुंगात. नाहीतर कागद काढून घेऊन, एक पैसा न देता, या गलबतावरून त्या गलबतावर विकलेला माणूस. तसं ठरलं तर तो साक्षीदार होईल आणि घरी येईल. त्याच गलबतावरचे तिघे असे सुटतायत. कारण त्यांची गावं म्हणाली, होय, हा आमचा."

"मग त्यालाच इचारा की."

"विचारलं. दुभाष्यानं उत्तर लिहून घेतलंय." त्यांनी वाचून दाखवलं. "'गावाला विचारून उपयोग नाही.' एवढंच म्हणाला. दोनदा."

मग त्यांनी सरळ विचारलं, "गावातला एखादा पोरगा बेपत्ता आहे का, पाटील?"

"बत्तीस उंबऱ्यांचं गाव हाय आमचं," मी म्हणालो. "बत्तीस घरांतली पोरं मला तोंडपाठ. कोण दिव्याला, कोण नालासोपाऱ्याला, कोण हिरकणीवाडीत हाटेलावर. एकबी बेपत्ता नाय." आणि सगळी नावं घडाघडा म्हणूनही दाखवली.

हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. हे लक्षात ठेवा.

पडवीच्या पायरीशी कुणीतरी उभं होतं. जानूची आई, जानकीबाई. गावात बातमीला पाय लागत नाहीत.

"फोटू दावा," ती म्हणाली.

२

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"ह्यो माझाच," ती म्हणाली. "माझा जानू. त्याला आना."

माझ्या अंगावर काटा आला. मेलेला पोर परत आला म्हटल्यावर कुणाच्या येणार नाही? मी तर मनातल्या मनात कागद लिहायलाही घेतला. बुद्धरत्न मात्र म्हणाले, "काकू, तुमच्या घरी एक कप चहा मिळेल का?"

जानकीबाईचं जुनं घर दरडीत गेलं. आता ती वरच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहते. घरधनी आधीच गेलेला. तिनं चहा ठेवला. भिंतीवर जानूचा फोटो होता, पासपोर्टासाठी काढलेलाच मोठा करून घेतलेला. त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार.

"काकू, जानूच्या अंगावर काही खूण होती का? जखमेचा वण वगैरे?"

"आयेला खुना लागत्यात काय?"

"दरडीतनं तो वाचला कसा, असं तुम्हाला वाटत नाही?"

ती स्टोव्हची पिन करत राहिली. "देवाला म्हायती. तुमी त्याला आना म्हंजे झालं. लवकर आना. तिकडं मारतात काय वो?"

"आता नाही मारत. आता तो दवाखान्यात आहे."

हे ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, बरं झालं. सही कुठं करायची?"

"पाटील, तुम्ही तो हार बघितलात?"

"बघितला की. चार वर्षं लटकतोय."

"मुलगा जिवंत आहे असं कळल्यावर आईचा हात पहिला कुठं गेला असता? माझ्या आईनं तो हार काढून चुलीत घातला असता आणि मग चहा ठेवला असता." ते चपला सरकवत खालच्या वाटेला लागले. "बाई रडली ती खरी. त्या पोरावर तिचा जीव आहे, तेही खरं. पण तो जानू नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. जानूच्या बोटांचे ठसे आधारला आहेत. चार दिवसांत ताडून बघतील, आणि मग खोटी ओळख दिली म्हणून तो पोरगा आणखी रुतेल."

"मग ती खोटं कशाला बोलंल?"

"तेच बघायचंय. कुणासाठी बोलतेय ते."

३

देवळासमोर आमचा नळ आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपानं आणलंय, बारा महिने धो धो येतं. आम्ही तिथून जात असताना एक बाई डोक्यावर हंडा घेऊन नळावरून पुढे गेली आणि खाली वहाळाकडे उतरायला लागली. चढ-उतार चांगला वीस मिनिटांचा.

"नळाला पाणी नाही का?" बुद्धरत्नांनी विचारलं.

"हाय की."

"मग त्या बाई?"

"तिला सवय हाय," मी म्हणालो आणि चालायला लागलो.

घरी येऊन त्यांनी माझ्याकडे दरडीच्या वेळची वही मागितली. मी ती अभिमानानंच काढली. त्या चार दिवसांत मातीतनं काय काय निघालं, कुणी काढलं, कुणाच्या हवाली केलं, सगळं मी पावसात छत्री धरून लिहिलं होतं. पाण्यानं अक्षरं फुटली होती, तरी वाचता येत होतं. बुद्धरत्न एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. एका ओळीवर बोट थांबलं.

"पत्र्याची पेटी एक, आत कागद. ही कुणाला दिली?"

"जानकीबाईला. लिवलंय बघा. जानूचं शाळंचं दाखलं, पासपोर्ट. आखाताला जायचं म्हणून काढला होता बिचाऱ्यानं, तेवढ्यात लॉकडाऊन लागला. वापरलाच नाय."

"म्हणजे पासपोर्ट जानकीकाकूंकडं होता. आणि तिथून गलबतावर गेला."

मी लगेच म्हणालो, "राजेशचा हात असंल ह्याच्यात. महाडला एसटी स्टँडापाशी त्याचं ऑफिस हाय. पोरांना परदेशी पाठवतो. त्यानंच म्हातारीला भुलवून कागद काढलं असनार." मला राजेश आधीपासूनच आवडत नव्हता. माणूस न आवडणारा असला की गुन्हा त्याच्या अंगावर अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो.

"जाऊ की त्याच्याकडं," बुद्धरत्न म्हणाले. त्यांनी वहीच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

"त्याचा फोटो कशाला?"

"लागेल," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे, पाटील. आणि वीजमीटर किती आहेत हो गावात?"

"घरटी एक. बत्तीस."

त्यांनी मान हलवली. पण ती होकाराची नव्हती.

४

राजेशच्या ऑफिसात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, माणसाच्या डोक्याएवढी उंच. त्यानं रंग देताना ती तशीच ठेवलीय. आलेल्या गिऱ्हाइकाशी पहिली पाच मिनिटं पुरावर बोलायला सोय होते. त्या दिवशी त्याला ती पाच मिनिटं मिळाली नाहीत.

"मैने किसी को जबरदस्ती नहीं भेजा," तो म्हणाला. वीस वर्षं मुंबईत राहिलेला, घाबरला की हिंदीत शिरतो. "जॉब फिशिंग बोटचा होता. पेपर बरोबर होता. पुढं बोटवाल्यानं काय केलं, ते मला कसं कळणार, साहेब?"

"कळवून घ्यावंसं वाटलं का?"

राजेशनं पंख्याकडं पाहिलं.

"पोराला समुद्रात दीड वर्ष झालं," बुद्धरत्न हळूच म्हणाले. "या काळात त्याचा पाय जमिनीला लागला नाही. एका गलबतावरचं काम संपलं की दुसरं गलबत शेजारी लागायचं आणि याला फळीवरून पलीकडं ढकलायचे. पहिल्यानं दुसऱ्याला विकलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिसऱ्याकडं रायफली होत्या. मला तुमच्याशी भांडायचं नाही. तुमचं नाव मी येतानाच वर कळवलंय, ते लोक भांडतील. मला फक्त पोरगा कोण तेवढं सांगा."

राजेशचा चेहरा उतरला. मग तो बोलला.

"तो दोनदा आला होता, साहेब. पहिल्यांदा स्वतःच्या नावानं. पासपोर्ट काढायचाय म्हणून मीच फॉर्म भरला. पण पोलीस रिपोर्ट उलटा आला, फाईल क्लोज. दोन महिन्यांनी परत आला, हातात तयार पासपोर्ट. नाव दुसरं, फोटो थोडा वेगळा. पण उतेकरांची तोंडं सगळी सारखीच असतात. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

"पहिलं नाव काय?"

"नाय आठवत. खरंच."

"रिपोर्ट उलटा का आला?"

"गावाकडनं शेरा होता. तो आठवतो मला, कारण पोरगा तो कागद हातात घेऊन तिथं, त्या खुर्चीवर, तासभर बसला होता. 'सदर नावाचा कोणीही इसम या गावात राहत नाही.'"

"कुणी दिला होता हा शेरा?"

राजेशनं माझ्याकडं बोट केलं नाही. नुसतं बघितलं. "पोलीस पाटलानं," तो म्हणाला.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बोरिवलीची एसटी उभी होती आणि कंडक्टर उगाच घंटी वाजवत होता.

५

परतीच्या वाटेवर पोलादपूरच्या अलीकडे बुद्धरत्नांनी एका टपरीवर गाडी थांबवली. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरलो.

"पाटील, परक्या देशाचं निशाण असलेलं गलबत भर समुद्रात उगाच अडवता येत नाही," ते चहा ओतता ओतता सांगायला लागले. "बंदुकांचा संशय आला तर ज्याचं निशाण त्या देशाला आधी विचारावं लागतं. पण गलबतावर गुलाम आहेत असा रास्त संशय आला, तर कुठल्याही देशाची युद्धनौका त्याला अडवू शकते. जगातल्या बहुतेक देशांनी हे मान्य केलंय. माणसाला बंदुकीपेक्षा वरचं मानलंय कायद्यानं. आणि मी बावीस वर्षांत किती वेळा गुलाम शोधायला गलबतावर चढलो असेन?"

त्यांनी बशीवर फुंकर मारली.

"एकदाही नाही. आम्ही बंदुका शोधायचो, चरस शोधायचो. एकदा एका गलबतावर भांडी घासणाऱ्या पोरानं माझी बाही धरली. मला वाटलं, खायला मागतोय. मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला, कागद तपासले, सगळं ठीक म्हणून सही केली आणि उतरलो. तो बाही का धरत होता, हे मला कळलं निवृत्त झाल्यावर, हे काम करायला लागल्यावर." त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणून तुमच्यावर दगड मारायला माझा हात उचलत नाही. पण आता तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"तुमी सांगा," मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते निघालं नसतं.

"तुमच्या गावात दारं तेहतीस आहेत. मीटर तेहतीस. मी आल्याबरोबर मोजले. मला ती सवय आहे, कारण आमच्या लहानपणी गाव किती उंबऱ्यांचं असं विचारलं, की सांगणारे आमची बौद्धवाडी सोडून आकडा सांगायचे. खोटं बोलत नसत. आम्ही त्यांच्या मोजण्यातच नव्हतो. तुम्ही बत्तीस म्हणालात तेव्हा मला तो सूर ओळखीचा वाटला. आता मला बोचलं ते इतकंच, की तेहतिसावं घर तुमच्याच भावकीतलं आहे, वरच्या आळीत, देवळापासून चौथं. त्या घरावर कुशाबा उतेकर अशी पाटी आहे, आणि तिथून निघालेली बाई नळ सोडून वहाळावर गेली. आणि एकवीस सालच्या वहीत तुमच्याच अक्षरात आहे: पत्र्याची पेटी शोधून काढणारा, साहिल कुशाबा उतेकर. सकाळी तुम्ही मला बत्तीस घरांतली पोरं म्हणून दाखवलीत. त्यात साहिल नव्हता."

टपरीवाल्यानं आणखी चहा हवा का विचारलं. मी हातानंच नको म्हटलं.

मग मी सांगितलं. दरडीत पालखीची जुनी वाट गेली. बावीसच्या शिमग्याला गावकीनं ठरवलं, पालखी कुशाबाच्या खळ्यातनं न्यायची. कुशाबानं खळ्यात गुरांसाठी पत्र्याची शेड घातली होती. तो म्हणाला, एक वर्ष थांबा, पुढल्या साली काढतो. गावकीचा प्रमुख भागोजी म्हणाला, देव थांबत नाय. कुशाबाही उतेकरच, तो म्हणाला, मग माझी शेडबी हलत नाय. एवढंच. एवढ्यावरून कुशाबाला वाळीत टाकला. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, नळावर येऊ द्यायचं नाही, नाव घ्यायचं नाही.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तो कायदा मी पोलीस पाटील म्हणून देवळात गावाला वाचून दाखवला होता. वाचून झाल्यावर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला आणि पुढच्या विषयाला लागलो.

दुसऱ्या पावसाळ्यात कुशाबा गेला. गावातून कुणी खांद्याला गेलं नाही. एका बाजूला साहिल आणि तीन बाजूंना खालच्या बौद्धवाडीतले तिघं. मी पडवीतून बघत होतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर साहिलच्या पासपोर्टाची चौकशी माझ्याकडं आली. गावकीचा नियम असा, की वाळीत टाकलेल्याला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, तो नाहीच असं धरायचं. मी तेच कागदावर लिहिलं. मी पाच मिनिटांत सही करून जेवायला बसलो.

"गावाला विचारून उपयोग नाही," बुद्धरत्न म्हणाले. "पोरगा बरोबरच सांगत होता."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंड लपवायला जागा नव्हती, नुसती टपरी होती.

६

आवडीच्या दारात मी पावणेचार वर्षांनी उभा राहिलो. कुशाबाची बायको. सकाळी नळावरून पुढे गेलेली ती हीच. सोबत बुद्धरत्न होते आणि त्यांनी बोलावून आणलेली जानकीबाई. जानकीबाईनं मला बघितलं, आवडीला बघितलं आणि मटकन खाली बसली.

"काकू, हार काढला नाहीत तुम्ही," बुद्धरत्न म्हणाले.

"कसा काडू?" जानकीबाई म्हणाली. "माझा पोर गेला त्यो गेलाच. साहिलनं चार दीस हातानं माती उकरली वो. नखं निघाली हुती त्याची. गाव दमून बसला तरी त्यो उकरत हुता. जानू नाय गावला, त्याची पेटी गावली. पुढं ह्यांनी त्याला गावातनं पुसून टाकला. मी काय केलं? मीबी गपच बसले. मग एका सांच्याला त्यो म्हनला, काकी, मला कुटंच जाता येत नाय, मी कुटलाच नाय. मी पेटी उघडली आन जानूचा पासपोर्ट त्याच्या हातावर ठेवला. म्हनलं, माझा गेला, तू तरी जा." ती माझ्याकडं वळली. "पाटील, मला काय करायचं ती सजा करा. पन त्यो घरी आला पायजे. म्हनून मी म्हनले, माझाच. माझा म्हनला तर गाव त्याला आनू देईल, असं वाटलं."

आवडी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. पोरगा परदेशी बोटीवर आहे एवढंच तिला माहीत. दीड वर्ष फोन नाही, आणि विचारायचं कुणाला? तिच्याशी बोलायचं नाही असा गावचा ठराव होता.

बुद्धरत्नांनी तिला फोटो दाखवला. तिनं खुणा शोधल्या नाहीत. फोटोतल्या डाव्या हाताच्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं, जिथं दोन नखं वेडीवाकडी उगवली होती.

"दुखत असतील अजून," ती म्हणाली. "थंडीत दुखायची."

"आवडी," मी म्हणालो, "मी नवीन कागद लिवून देतो. साहिल ह्या गावचा, माझ्या वळखीचा, पयला शेरा मी खोटा दिला, असं सगळं लिवतो. वही जोडतो. सही-शिक्का देतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. नजर मी खाली घातली, ती वर उचलायचं धाडस झालं नाही.

"कागद तर तुमी मागंबी दिलाव," ती म्हणाली. "कागद त्या सायबाला द्या. मला नगो. तुमी देवळात नाव पुसलं होतं ना त्याचं? तितंच घ्या. समद्यांच्या म्होरं. मग मी मानीन."

७

कागद मी त्याच संध्याकाळी लिहिला. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आवडीकडं होते. वहीचं पान बुद्धरत्नांनी जोडलं. स्वतःविरुद्धची तक्रारही मी लिहिली, वाळीत टाकण्याच्या कायद्याखाली, आणि आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं घातलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात नेऊन दिली. ठाण्यातल्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मला बसायला सांगितलं नाही.

रविवारी देवळात गावकी बसली. भागोजी नेहमीप्रमाणं खांबाला टेकून होता. मी उभा राहिलो.

"साहिल कुशाबा उतेकर," मी म्हणालो.

घंटेखाली बसलेला एक म्हातारा चमकून इकडंतिकडं बघायला लागला, जणू कुणी शिवी दिली. मी परत म्हणालो. साहिल कुशाबा उतेकर, राहणार करंजमाची. मग मी त्याच्या आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि गावात उंबरे तेहतीस आहेत असं सांगितलं. मी पोलिसांत काय दिलंय तेही सांगितलं. त्या पोरानं जानूसाठी नखं घालवली आणि आपण त्याला पालखीच्या वाटेसाठी विकला, असंही बोललो. हे बोलणार असं ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलं.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. भागोजी एवढंच म्हणाला, "गोमाजी, झालं असंल तर बस." मी बसलो. शेजारी बसलेले दोघं उठून पलीकडं जाऊन बसले.

हा ठराव वहीत लिहायला आता कुणी नाही, कारण वही माझ्याकडंच होती. पण ठराव झालेला मला कळला. दुसऱ्या दिवशी माझी बायको आनंदीबाई नळावरून रिकामा हंडा घेऊन परत आली. तिनं हंडा माझ्यासमोर ठेवला. "आता तुमी जावा वहाळावर," ती म्हणाली. "मी कुशाबाच्या वेळीच तुमाला बोलले होते, तवा तुमी पेपर वाचत होताव." ती बोलली होती. मला आठवलं.

खटला उभा राहील तेव्हा राहील. पाटीलकी गेली. गावकीच्या मोजणीत आता करंजमाची एकतीस उंबऱ्यांची आहे.

बाविसाव्या दिवशी बुद्धरत्नांचा फोन आला. वकिलातीनं कागद ग्राह्य धरला. साहिलचं नाव बदललं, म्हणजे खरं झालं. तो आता आरोपी नाही, साक्षीदार आहे. साक्ष झाली की दोन-तीन महिन्यांत घरी येईल. "त्याला पाच मिनिटं फोन दिलाय," ते म्हणाले. "त्याच्या आईशी बोलून झालंय. दोन मिनिटं उरलीत. बोलताय?"

मी नको म्हणणार होतो. पण पलीकडून आवाज आला.

"कोन?"

"गोमाजी. करंजमाचीतनं."

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. दोन मिनिटांतलं एक गेलं असावं.

"पाटील," तो म्हणाला, "मी हाय काय आता तिथं?"

"हायस, बाबा," मी म्हणालो. "हायस तू."

मला माफी मागायची होती, शब्दही जुळवले होते, पण वेळ संपला आणि फोन कट झाला.

रोज सकाळी मी वहाळावर जातो. तिथं एक सपाट दगड आहे, त्यावर हंडा टेकवून भरावा लागतो, आणि एका वेळी एकच हंडा राहतो. आवडी आधी भरते. मी खाली थांबतो. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं का बोलावं? भरून झालं की ती हंडा स्वतःच उचलते, मला हात लावू देत नाही, आणि माझ्याकडं न बघता चढाला लागते. मग दगड मोकळा होतो आणि मी माझा हंडा ठेवतो.